वाचकांचे प्रश्न : डिस्क अडली की आयआरक्यूवर आळ

या खेपेला गोव्यातून आलेली सहा पत्रे घेतली आहेत. तक्रार साधारण एकच: लिनक्स किंवा तशाच युनिक्स घराण्यातल्या यंत्रणेवर डिस्क अडते, आणि कोणीतरी 'आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट आहे' असे सांगून मोकळा होतो. आयआरक्यू म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधायची नंबर दिलेली ओळ; असे लक्ष वेधणे म्हणजे इंटरप्ट. सहापैकी एकाही पत्रात दोन उपकरणांनी एकाच आयआरक्यूसाठी भांडण केलेले नाही. तरी फोंड्याचे पत्र सोडले तर प्रत्येक दोष खरा आहे आणि त्याचा उपायही वेगळा आहे. आज्ञा आणि लॉगमधले संदेश उच्चाराप्रमाणे छापले आहेत. टाइप करताना आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत घ्याव्यात.

प्रश्न : म्हापशात आमचा फोटो स्टुडिओ आहे. तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन घालून बॅकअपचे मशीन केले. बोर्डावरचे साटा (डिस्क जोडायचे) पोर्ट संपले म्हणून पडून असलेले सिलिकॉन इमेज ३११४ चे पीसीआय कार्ड पांढऱ्या स्लॉटमध्ये लावून दोन डिस्क जोडल्या. काही तास सगळे सुरळीत चालते, मग कॉपीचा वेग एकाएकी कोसळतो आणि यूएसबी माऊसही अडखळतो. लॉगमध्ये 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड' आणि खाली 'डिसेबलिंग आयआरक्यू #१६' असे येते. रीबूट केले की पुन्हा ठीक. लॉगच सुचवतो तसे आयआरक्यूपोल लावू का?

उत्तर : आत्ता नको. आधी काय घडते आहे ते पाहू.

एका आयआरक्यूवर दोन उपकरणे असणे हा पीसीआयमध्ये दोष नव्हेच. पीसीआयच्या आधीची आयएसए कार्डे सिग्नल चढण्याच्या क्षणावर चालत: सकाळचा पोदेर (पाववाला) जसा एकदा पोंगा वाजवतो आणि पुढच्या वाड्याकडे निघतो, ऐकलेत तर पाव मिळतील, नाही तर नाही. दोघांचे पोंगे एकाच क्षणी वाजले तर एकाचे पाव राहिलेच. पीसीआयचे कार्ड तसे निघून जात नाही. ते इंटरप्टची ओळ खाली ओढून धरते आणि ड्रायव्हर येऊन काम उरकेपर्यंत सोडत नाही. म्हणून एका ओळीवर चार कार्डे असली तरी कर्नल (यंत्रणेचा गाभा) प्रत्येक ड्रायव्हरला (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामला) पाळीपाळीने विचारतो आणि ज्याचे काम आहे तो ते करतो.

घोटाळा होतो तो ओळ ओढलेली असताना सगळेच ड्रायव्हर 'आमचे काही नाही' म्हणतात तेव्हा. ओळ खालीच असल्यामुळे इंटरप्ट पुन्हा येतो, पुन्हा सगळे नाही म्हणतात, असे सेकंदाला हजारो वेळा. कर्नल दर १,००,००० इंटरप्टचा हिशेब ठेवतो. त्यांतले ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले तर तो ती ओळच बंद करतो. तुमच्या लॉगमधला संदेश त्या वेळचा. पुढे त्या ओळीवरच्या उपकरणांकडे तो सेकंदाच्या दर दहाव्या भागाला एकदा डोकावतो, म्हणजे सेकंदाला दहाच वेळा. ३११४ ला प्रत्येक डिस्कमागे एका वेळी एकच कमांड झेपते. त्यामुळे डिस्क सेकंदाला जेमतेम दहा कामे उरकते आणि तुम्हाला वेग कोसळलेला दिसतो. माऊस अडखळतो तोही याचमुळे: त्याचा यूएसबी कंट्रोलर त्याच १६ नंबरवर असणार. 'कॅट /प्रॉक/इंटरप्ट्स' दिलेत की १६ च्या ओळीत शेवटी 'ईएचसीआय_एचसीडी:यूएसबी१, साटा_सिल' अशी दोन नावे शेजारी दिसतील. 'कॅट /प्रॉक/आयआरक्यू/१६/स्पुरियस' मध्ये बेवारस इंटरप्टची संख्या मिळते. मशीन ठीक असताना ती शून्याच्या आसपास असायला हवी.

आता ओळ कोण धरून ठेवतो? आमचा संशय कार्डावर नाही, स्लॉटवर आहे. २०११ च्या ६ मालिकेपासून इंटेलने आपल्या बऱ्याच डेस्कटॉप चिपसेटमधून पीसीआय बस काढून टाकली. गिऱ्हाइकाला पांढरा स्लॉट तर हवा होता, म्हणून बोर्ड बनवणाऱ्यांनी पीसीआय एक्सप्रेसवरून पीसीआय काढणारी पुलाची चिप बसवली, आणि पुष्कळ बोर्डांवर ती एएसमीडियाची १०८३ किंवा १०८५ आहे. पीसीआय एक्सप्रेसमध्ये इंटरप्टची खरी तार नसते. पूल 'ओळ ओढली' आणि 'ओळ सोडली' असे दोन वेगवेगळे निरोप पाठवतो. या चिपचा बदनाम दोष असा, की दुसरा निरोप अधूनमधून जातच नाही. कार्डाने ओळ केव्हाच सोडलेली असते, पण वरच्या बाजूला ती ओढलेलीच दिसत राहते. कामाचा ताण वाढला की हे घडण्याची शक्यता वाढते, म्हणून तुमचे मशीन काही तास चालते आणि मोठ्या कॉपीत बसते.

खात्री करायला 'एलएसपीसीआय -एनएन' द्या आणि १बी२१:१०८० हा क्रमांक शोधा. मग 'एलएसपीसीआय -टीव्ही' ने झाडाच्या आकारात यादी काढा. साटा कार्ड त्याच पुलाखाली लटकलेले दिसले तर निदान पक्के.

उपाय एकच सांगावासा वाटतो: पीसीआय कार्ड काढा. तसेही ३२ बिटी, ३३ मेगाहर्ट्झची पीसीआय बस सगळ्या कार्डांना मिळून सेकंदाला १३३ एमबी देते. आजची एक डिस्क ती एकटी भरून टाकते. त्याऐवजी एक्सप्रेस एक्स-१ स्लॉटमध्ये बसणारे एएसमीडिया १०६१ किंवा जेमायक्रॉन ५८२ चे दोन पोर्टचे कार्ड घ्या. ही कार्डे एमएसआय वापरतात: इंटरप्ट म्हणजे मेमरीत एक छोटीशी नोंद, ओळ नाही, म्हणून धरून ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. लावल्यावर रूट होऊन 'एलएसपीसीआय -व्हीव्ही' मध्ये त्या कार्डाखाली 'एमएसआय: एनेबल+' आहे ना ते बघा. वजाचे चिन्ह असेल तर आधीच्या कोणी कर्नलला 'पीसीआय=नोएमएसआय' दिलेले असू शकते. एक्स-१ स्लॉटसाठी आठ-दहा पोर्टची स्वस्त कार्डे मिळतात, ती नकोत. त्यांत बहुतेकदा दोन पोर्टच्या चिपमागे पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या चिपा) असतात. एक डिस्क हटून बसली की शेजारच्याही थांबतात.

कार्ड येईपर्यंत चालवायचे असेल तर रीबूटची गरज नाही. ओळ बंद पडली की त्या दोन डिस्क अनमाउंट करा, 'मॉडप्रोब -आर साटा_सिल' आणि मग 'मॉडप्रोब साटा_सिल' द्या. सामायिक ओळीवर ड्रायव्हर नव्याने नोंदला गेला की कर्नल ती ओळ पुन्हा सुरू करून बघतो. आयआरक्यूपोलमध्ये बेवारस इंटरप्ट आला की सगळ्या ड्रायव्हरांना शोधत बसणे आले, शिवाय टायमरच्या प्रत्येक ठोक्याला सगळ्यांची तपासणी. मशीन चालते, पण खर्च कायमचा आणि पुलाचा दोष जिथल्या तिथे.

ओळ बंद पडली तेव्हा जी कॉपी चालू होती ती मात्र 'आरसिंक' ला 'चेकसम' पर्याय देऊन मूळ फोटोंशी ताडून घ्या. नुसता आकार आणि तारीख जुळली म्हणून समाधान मानू नका.

प्रश्न : वास्कोत समुद्राला लागून आमची कचेरी आहे. पावसाळा सुरू झाला की सर्व्हरच्या एका डिस्कवर 'एटीए३.००: एक्सेप्शन ईमास्क ०एक्स१०' अशा ओळी येतात, त्यात 'बॅडसीआरसी' असा शब्द असतो. एका जाणकाराच्या सांगण्यावरून कर्नलला नोएपिक दिले. चुका थांबल्या नाहीत, उलट मशीन मंदावले.

उत्तर : नोएपिक आजच काढा. त्याने इंटरप्ट वाटून देणारी आय-ओ एपिक बंद पडते आणि मशीन १९८४ च्या पीसी-एटीपासून चालत आलेल्या दोन ८२५९ चिपांच्या पद्धतीवर परत जाते. ओळी सोळाच, त्यांतली २ नंबरची दुसऱ्या चिपला जोडण्यात खर्ची पडलेली. मग पीसीआयची उपकरणे १० आणि ११ वर दाटीवाटीने बसतात आणि सगळा भार पहिल्या कोअरवर येतो. '/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मधून शब्द काढून 'अपडेट-ग्रब' द्या, आणि रीबूटनंतर 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' मध्ये तो खरेच गेला का ते पाहा.

तुमच्या लॉगमध्येच उत्तर आहे. ईमास्कचा आकडा ०एक्स४ असता आणि पुढे 'टाइमआउट' लिहिलेले असते तर इंटरप्ट हरवल्याची शंका घेता आली असती. ०एक्स१० म्हणजे एटीए बस एरर: डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या तारेवर बिट बिघडले आणि सीआरसी, म्हणजे डेटासोबत जाणारा पडताळणीचा आकडा, जुळला नाही. 'स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीसी' द्या. डिस्कचे नाव तुमचे घाला. १९९ क्रमांकाच्या यूडीएमए सीआरसी एरर काउंटचा आकडा कागदावर लिहून ठेवा. तो कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे आकडा मोठा आहे की लहान याला अर्थ नाही. आठवड्याने वाढला का, एवढेच बघायचे. लॉगमध्ये 'लिमिटिंग साटा लिंक स्पीड' अशी ओळ असेल तर कर्नलनेच कंटाळून वेग उतरवला आहे.

खारी हवा आणि जून ते सप्टेंबरची दमट हवा मिळून स्वस्त केबलच्या स्प्रिंगांची वाट लावतात. केबल बदला. नवी घेताना दोन्ही टोकांना धातूचा खटका असलेली आणि आवश्यक तेवढ्याच लांबीची घ्या. साटाची मर्यादा १ मीटर आहे, पण कॅबिनेटमध्ये अर्धा मीटर पुष्कळ होते. बोर्डाच्या आणि डिस्कच्या बाजूचे संपर्क ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका. सोन्याचा मुलामा पातळ असतो, तो गेला की खालचा धातू पुढच्याच पावसात हिरवा पडतो. त्याच वेळी वीजपुरवठ्याचा जोडही बघा. मोलेक्समधून साटा काढणारे, प्लास्टिकमध्ये ओतलेले अडॅप्टर असतील तर ते फेकून द्या; आतल्या तारा एकमेकींना टेकून ते जळतात.

खरोखरच इंटरप्ट हरवत असता तर ते कसे ओळखायचे, तेही सांगून ठेवतो. एका खिडकीत 'वॉच -एन१ -डी कॅट /प्रॉक/इंटरप्ट्स' चालू ठेवा. दुसऱ्या खिडकीत त्या डिस्कवरून 'डीडी' ने ५०० एमबी '/डेव्ह/नल' मध्ये वाचा; 'आयफ्लॅग=डायरेक्ट' जरूर द्या, नाही तर वाचन रॅममधूनच होईल आणि तुम्ही फसाल. कंट्रोलरसमोरचा आकडा भराभर वाढला तर इंटरप्ट पोचत आहेत. आकडा गोठला, ३० सेकंद सगळे स्तब्ध, मग टाइमआउट आणि पुन्हा तेच, असे दिसले तरच आयआरक्यूच्या मागे लागा.

प्रश्न : डिचोलीतल्या आमच्या पतसंस्थेत १९९० च्या दशकातले एक मशीन आहे. एससीओ ओपनसर्व्हर ५ हे युनिक्स, डिस्कसाठी ॲडॅप्टेक १५४२ स्कझी कार्ड. जुनी खाती बाहेर काढायची म्हणून एनई२००० जातीचे आयएसए नेटवर्क कार्ड लावले. ॲडॅप्टेक ३३० पत्त्यावर, आयआरक्यू ११, डीएमए ५. नेटवर्क कार्ड ३२० पत्त्यावर, आयआरक्यू १०. आकडे सगळे वेगळे. मशीन बूट होते, पण नेटवर्क सुरू होऊन थोडी हालचाल झाली की डिस्क थिजते. आयआरक्यू ५ आणि ३ करून पाहिले, फरक नाही.

उत्तर : फरक पडणार नाही, कारण भांडण आयआरक्यूचे नाही, पत्त्याचे आहे, म्हणजे प्रोसेसर ज्या नंबरांवर कार्डाशी बोलतो त्यांचे. तुम्ही आकडे नीट लिहून पाठवलेत म्हणून हे कागदावरच सापडले.

एनई२००० कार्ड एक पत्ता घेत नाही, सलग ३२ घेते. हेक्समध्ये (सोळाच्या आकडेमोडीत) ३२० पासून ३२ म्हणजे ३३एफ पर्यंत, आणि ॲडॅप्टेकचे ३३० त्याच्या पोटात येते. त्यातही दुर्दैव असे, की या जातीच्या कार्डाचा डेटा पोर्ट सुरुवातीपासून हेक्स १० अंतरावर असतो, म्हणजे ३२० ला बरोबर ३३०. १५४२ च्या त्याच पत्त्यावर त्याचे कंट्रोल रजिस्टर आहे: वरचा बिट लागला की कार्ड हार्ड रीसेट होते, त्याखालच्याने सॉफ्ट रीसेट, आणि एका बिटाने सगळी स्कझी बस रीसेट होते. नेटवर्कवर जाणाऱ्या पॅकेटातला प्रत्येक बाइट तुमच्या डिस्क कंट्रोलरला हुकूम म्हणून पोचतो आहे. बूट होताना पॅकेट नसते, म्हणून बूट होते.

कार्ड ३०० वर न्या. ते ३१एफ पर्यंत संपते. ३४० ही चालेल. ३६० मात्र कदापि नको: त्याची हद्द ३७एफ पर्यंत जाते आणि ३७८ वरचा प्रिंटर पोर्ट आणि ३७६ वरचा दुसऱ्या आयडीई चॅनेलचा पत्ता दोन्ही गिळते. आयआरक्यू परत १० करा. ५ आणि ३ वर अनुक्रमे साउंड कार्ड किंवा दुसरा प्रिंटर आणि कॉम २ यांचा जुना हक्क असतो, आणि आयएसएवर सामायिक ओळ चालत नाही. कार्डावर जंपर नसतील आणि चिप रिअलटेक ८०१९ असेल तर डॉसच्या फ्लॉपीवरून 'आरसेट८०१९' चालवून पत्ता बदलावा लागतो. तो कार्डातच साठतो. मग एससीओत 'नेटकॉन्फिग' मधून जुने कार्ड काढून नव्या आकड्यांनी पुन्हा घाला. ते कर्नल पुन्हा लिंक करू का विचारील, होय म्हणा. नुसते कार्डावर बदलून भागत नाही, ड्रायव्हर जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो.

रीबूटनंतर 'एचडब्ल्यूकॉन्फिग -एच' द्या. ॲडॅप्टरच्या ओळीत ३३० ते ३३२, ११, ५ आणि 'टाइप=एडी' दिसायला हवे. सगळ्या ओळींचे पत्ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाखाली एक लिहा आणि कोणाची शेपटी कोणाच्या डोक्यावर येते का ते बघा.

मशीन पेंटियम असून बोर्डावर पीसीआयही असेल तर आणखी एक गोष्ट. बायोसमध्ये पीएनपी-पीसीआयच्या पानावर आयआरक्यू १० आणि ११ 'लेगसी आयएसए' करून ठेवा आणि एकदा 'रीसेट कॉन्फिगरेशन डेटा' एनेबल करा. नाही तर बायोस ११ नंबर एखाद्या पीसीआय कार्डाला देऊन टाकते. सीमॉस बॅटरी संपली असेल तर हे सेटिंग प्रत्येक वेळी उडते. सपाट सीआर२०३२ असेल तर बदला. निळ्या रंगाची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डाला झाळून बसवलेली असेल तर ती गळून भोवतीच्या वाटा खात असते. तिच्याभोवती पांढरे-हिरवे दिसताच कापून काढा.

आणि मशीन एकदा सरळ चालले की सुधारणा करत बसू नका, त्याच बैठकीत डेटा काढा. एफटीपीत 'बायनरी' द्यायला विसरलात तर फायली पोचतील पण निकामी. नेटवर्क काही केल्या जमलेच नाही तर सीरियल पोर्ट आहे: ९६०० च्या वेगाला सेकंदाला सुमारे ९६० बाइट, म्हणजे एका एमबीला १८ मिनिटे. पतसंस्थेची खाती २० एमबी असली तरी सहा तास. 'कॉम्प्रेस' करून पाठवलीत तर त्याहून पुष्कळ कमी.

प्रश्न : फोंड्यात अभियांत्रिकीला शिकतो. माझ्या लॅपटॉपवर '/प्रॉक/इंटरप्ट्स' मध्ये एएचसीआय (साटा डिस्कचा कंट्रोलर) १२५ वर आणि वायफाय १२७ वर दिसते. आयआरक्यू तर १५ पर्यंतच असतात ना? आणि 'एलएसपीसीआय -बी' दोघांनाही ११ दाखवते. हा कॉन्फ्लिक्ट का?

उत्तर : नाही. १५ ची मर्यादा ८२५९ च्या काळातली. साध्या आय-ओ एपिकवर २४ ओळी असतात, आणि त्यापुढचे आकडे कर्नलने एमएसआय इंटरप्टना दिलेली नावे आहेत; त्यांना तार नाही. १२५ च्या ओळीत 'पीसीआय-एमएसआय' लिहिलेले असेलच. 'बी' हा पर्याय कार्डाच्या रजिस्टरमध्ये बायोसने लिहून ठेवलेला आकडा दाखवतो, आणि एमएसआय चालू असताना तो कोणी वापरत नाही. 'बी' शिवाय देऊन बघा.

प्रश्न : मडगावच्या दुकानातल्या मशीनवर डिस्क १४ नंबरच्या आयआरक्यूवर, जुन्या आयडीई पद्धतीने चालते. ते सुधारावे म्हणून बायोसमध्ये एएचसीआय केले, तर लिनक्स रूट डिस्कच सापडत नाही म्हणून थांबते.

उत्तर : बायोस पुन्हा आयडीईवर न्या, मशीन उठेल. आयडीईमध्ये डिस्क 'एटीए_पीआयआयएक्स' ड्रायव्हरने चालत होती. एएचसीआयसाठी 'एएचसीआय' ड्रायव्हर लागतो आणि तुमच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना सर्वांत आधी चढणाऱ्या छोट्या फाइलसंचात) तो नाही. डेबियन जातीत हे '/इटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स' खालच्या सेटिंगमध्ये 'मॉड्यूल्स=डेप' असल्यावर होते, कारण तेव्हा सध्या लागणारेच ड्रायव्हर भरले जातात. त्याच फोल्डरमधल्या 'मॉड्यूल्स' फाइलमध्ये 'एएचसीआय' अशी एक ओळ घाला आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' द्या. फेडोरा-रेडहॅट जातीत 'ड्राकट -एफ' ला 'नो-होस्टओन्ली' पर्याय द्या. '/इटीसी/एफएसटॅब' मध्ये डिस्कची नावे असतील तर ती यूयूआयडीने (न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने) बदला. मग बायोसमध्ये एएचसीआय करा. त्याच मशीनवर विंडोजही असेल तर त्याचाही एएचसीआय ड्रायव्हर आधी चालू करावा लागतो, नाही तर निळा पडदा येईल.

प्रश्न : पणजीत आमच्या गेस्ट हाउसमध्ये फ्रीबीएसडीवर सीसीटीव्हीचा साठा ठेवतो. 'इंटरप्ट स्टॉर्म डिटेक्टेड ऑन आयआरक्यू१९' असे सतत येते आणि चित्रण तुटते. एका ओळखीच्याने स्टॉर्मची मर्यादा वाढवून दिली. संदेश कमी झाले, चित्रण तुटायचे थांबले नाही.

उत्तर : मर्यादा वाढवली की वादळ, म्हणजे इंटरप्टचा अखंड मारा, थांबत नाही, तक्रार थांबते. 'एचडब्ल्यू.इंट्र_स्टॉर्म_थ्रेशोल्ड' पूर्वीच्या आकड्यावर आणा.

'व्हीएमस्टॅट -आय' दहा-दहा सेकंदांनी दोनदा घेऊन एकूण आकड्यांमधला फरक काढा. शेवटच्या रकान्यातला वेग मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, आत्ताचे वादळ त्यात दिसत नाही. मग 'डेव्हइन्फो -यू' ने आयआरक्यू १९ कोणाकोणाकडे आहे ते बघा. डिस्क कंट्रोलर एखाद्या यूएसबी कंट्रोलरसोबत तिथे बसलेला असेल तर प्रश्न असा, की तो एमएसआय का वापरत नाही. 'पीसीआयकॉन्फ -एलसी' मध्ये त्याला एमएसआयची क्षमता दिसते का पाहा, आणि '/बूट/लोडर.कॉन्फ' उघडून 'एचडब्ल्यू.पीसीआय.एनेबल_एमएसआय=०' किंवा 'हिंट.एएचसीआय.०.एमएसआय=०' अशी ओळ कोणी घालून ठेवली आहे का शोधा. कोणत्या तरी जुन्या बोर्डासाठी कधीकाळी सुचवलेल्या या ओळी लोक नव्या मशीनवर जशाच्या तशा नेतात. काढून रीबूट करा; कंट्रोलर १९ सोडून वेगळ्या नंबरवर एकटा दिसायला हवा.

त्यानंतरही १९ वर वादळ राहिले तर ते यूएसबीचे. डिस्क आता त्यातून सुटली आहे, म्हणून कॅमेऱ्याचे काम चालू ठेवूनच शोध घेता येईल: यूएसबीची उपकरणे एकेक काढा, प्रत्येक वेळी 'व्हीएमस्टॅट' चा फरक बघा, आणि सगळी काढूनही वादळ असेल तर तो कंट्रोलर बायोसमधून बंद करा.